मोटार सीमा ओलांडते

सकाळची वेळ होती. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर नुकतेच कोवळे ऊन पडले होते. गावातील एका घरापुढे मोटार उभी होती व घरातील मंडळी बेळगावास जाण्याच्या तयारीत होती. बेळगावास मावशीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आई फराळाचे डबे गाडीत ठेवीत होती. वडिलांनी चाकांतील हवा पाहिली, तेलपाणी पाहिले आणि मग एक पिशवी उघडून ते तीतील कागद एकेक करून तपासू लागले. सहावीत शिकणारा त्यांचा मुलगा हे सारे कुतूहलाने पाहत होता.

"बाबा, मावशीकडेच तर जायचे आहे. मग हे कागद कशाला?" त्याने विचारले.

"आपण आज दुसऱ्या राज्यात जाणार आहोत," वडील म्हणाले.

"म्हणजे वाटेत सीमा लागेल? ती कशी असते? तेथे भिंत असते का?"

वडील हसले व म्हणाले, "वाटेत डोळे उघडे ठेवून बस. सीमा आली, की तूच मला सांग."

मुलाचा प्रश्न काही वेडगळ नव्हता. नकाशात प्रत्येक राज्याला वेगळा रंग दिलेला असतो आणि दोन रंगांमध्ये ठळक रेघ ओढलेली असते. ती रेघ जमिनीवरही कोठेतरी उमटलेली असेल, असे लहानांना वाटणे साहजिक आहे. पुष्कळदा मोठ्या माणसांनाही सीमा म्हणजे नेमके काय, हे सांगता येत नाही. साताऱ्याहून बेळगावास जाणाऱ्या या गाडीबरोबर आपणही प्रवास करू, म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर वाटेतच मिळेल.

साताऱ्याहून बेळगाव सुमारे सव्वादोनशे किलोमीटर दूर आहे. वाट एकच, सरळ दक्षिणेकडे जाणारी. पूर्वी तिला पुणे-बंगळूर रस्ता म्हणत. पुढे पुष्कळ वर्षे तो चौथ्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग होता. आता त्याचा क्रमांक ४८ आहे. हा महामार्ग दिल्लीपासून निघून मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर असा थेट चेन्नईपर्यंत जातो. तो किती राज्यांतून जातो, हे नकाशा उघडून मोजण्यासारखे आहे. मात्र राज्य बदलले, तरी रस्त्याचा क्रमांक बदलत नाही.

सातारा मागे पडले. उजव्या हाताला सह्याद्रीच्या रांगा, डाव्या हाताला कृष्णाकाठची उसाची शेते, अशी गाडी चालली. कऱ्हाडच्या अलीकडे तासवडे येथे रस्त्यावर मोठे छप्पर दिसले. त्याखाली गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या व आडव्या दांड्या वरखाली होत होत्या. मुलगा एकदम ओरडला, "बाबा, सीमा आली!"

पण ती सीमा नव्हती. तो टोलनाका होता. रस्ता बांधण्यासाठी व तो नीट राखण्यासाठी जो खर्च येतो, त्याचा काही भाग रस्ता वापरणाऱ्यांकडून टोलच्या रूपाने घेतात. गाडीच्या काचेवर चिकटविलेल्या फास्टॅगवरून तो आपोआप वसूल होतो आणि दांडी वर जाते. आपण कोण, कोठून आलो, हे तेथे कोणी विचारीत नाही. साताऱ्याच्या गाडीला जो टोल पडतो, तोच बेळगावच्या गाडीलाही पडतो. टोल हे रस्त्याचे मोल आहे. सीमा ओलांडण्याचे नव्हे.

कऱ्हाडजवळ गाडीने कोयना ओलांडली. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम तेथून जवळच आहे. पुढे कासेगाव, नेर्ले, पेठ, कामेरी ही सांगली जिल्ह्यातील गावे गेली आणि वारणा नदीचा पूल आला. पुलाच्या अलीकडे सांगली जिल्हा, पलीकडे कोल्हापूर जिल्हा. आज या पुलावरून गाड्या न थबकता धावतात. परंतु एके काळी ही नदी म्हणजे खरोखरीची सीमा होती, हे फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असते.

साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतबंधू. त्यांच्यामधील कलह मिटावा म्हणून १७३१ साली एक तह झाला. त्यालाच वारणेचा तह म्हणतात. या तहाने वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख कोल्हापूरकडे राहिला, आणि वारणा ही दोन राज्यांमधील सीमा ठरली. त्या काळी एका मुलखातून दुसऱ्या मुलखात माल न्यायचा, तर वाटेत जकात द्यावी लागे. वाट मोकळी करून देणारा परवानाही जवळ असावा लागे. त्याला 'दस्तक' किंवा 'राहदारी' म्हणत. जुन्या मराठी कागदपत्रांत हे शब्द ठिकठिकाणी भेटतात.

पुढे १८४८ साली साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. मग वारणेच्या उत्तरेस इंग्रजांचा सातारा जिल्हा, दक्षिणेस कोल्हापूर संस्थान आणि कागलच्या पुढे पुन्हा इंग्रजांचा बेळगाव जिल्हा, अशी या एका वाटेची वाटणी झाली. प्रत्येक ठिकाणचा कारभार निराळा, न्यायालये निराळी, कर निराळे. साताऱ्याहून बेळगावास जाणारा प्रवासी एका सत्तेतून दुसरीत शिरे आणि काही मैल गेल्यावर पुन्हा पहिलीत येई.

सांगलीकडे तर याहून मोठा गुंता होता. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण, कुरुंदवाड, जमखिंडी अशी कितीतरी संस्थाने त्या भागात होती. त्यांचा मुलूखही सलग नव्हता. गोधडीच्या ठिगळांप्रमाणे तो एकमेकांत विखुरलेला होता. सांगली संस्थानचे मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात आहे, तर शिरहट्टी कर्नाटकातील गदग जिल्ह्यात आहे. बेळगाव शहराला लागून असलेले शहापूर हेसुद्धा सांगली संस्थानचेच गाव होते. आपल्याच संस्थानातील एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे, तरी दुसऱ्याच्या हद्दीतून वाट काढावी लागे!

भारत स्वतंत्र झाला आणि हा गुंता सुटू लागला. १९४८ साली सांगली, मिरज, फलटण, औंध इत्यादी संस्थाने मुंबई राज्यात विलीन झाली. १९४९ च्या मार्च महिन्यात कोल्हापूरही विलीन झाले. दोनशेहून अधिक वर्षे सीमा म्हणून ओळखली गेलेली वारणा त्या दिवशी केवळ नदी उरली. मग काही वर्षे साताऱ्यापासून बेळगावापर्यंत एकच मुंबई राज्य होते. पुढे भाषेच्या पायावर राज्यांची पुनर्रचना झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ या दिवशी बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तर १९७३ साली म्हैसूर राज्याला कर्नाटक हे नाव मिळाले.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सीमा माणसे आखतात, आणि माणसेच त्या बदलतात. डोंगर व नद्या मात्र होत्या तेथेच राहतात.

आपली मोटार एव्हाना पंचगंगा ओलांडून, कोल्हापूर उजवीकडे टाकून, कागलजवळ आली. राजर्षी शाहू महाराजांचा जन्म ज्या घाटगे घराण्यात झाला, त्या घराण्याचे हे गाव. कागलच्या पुढे दूधगंगेचा पूल लागला. पूल मागे पडल्यावर मुलगा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "बाबा, पाट्यांवरची अक्षरे बदलली!"

आतापर्यंत दुकानांच्या व गावांच्या पाट्या देवनागरी लिपीत होत्या. आता त्यांवर वाटोळ्या वळणांची कानडी अक्षरे दिसू लागली. हे कोगनोळी गाव, बेळगाव जिल्ह्यातील. वडिलांनी मान डोलावून सांगितले, "आता मात्र तू बरोबर ओळखलेस. आपण कर्नाटकात आलो."

मुलाने मागे वळून पाहिले. भिंत नव्हती, तारेचे कुंपण नव्हते. अलीकडे ऊस होता, पलीकडेही ऊसच होता. कोणी शिट्टी वाजवली नाही, कोणी गाडी अडवली नाही. मग सकाळी तपासलेल्या त्या कागदांचे काय झाले? ते फुकटच बरोबर घेतले का?

मुळीच नाही. त्या कागदांमुळेच गाडी अडविण्याचे कारण उरले नाही. ते कागद कोणते व ते काय सांगतात, हे आता पाहू.

पहिला कागद म्हणजे मोटारीचे नोंदणी प्रमाणपत्र. गाडी कोणाची आहे, ती कोणत्या वर्षी बनली, तिच्या इंजिनाचा क्रमांक कोणता, हे सारे त्यात नमूद असते. दुसरा कागद म्हणजे मोटार चालविण्याचा परवाना. ज्याची अठरा वर्षे पूर्ण झाली आहेत आणि जो चालकाच्या परीक्षेत उतरला आहे, त्यालाच तो मिळतो. तिसरा कागद विम्याचा. चौथा कागद गाडीचा धूर प्रमाणाबाहेर नाही, असे सांगणारा. हे कागद आता शासनमान्य पद्धतीने मोबाइल फोनवरही जवळ बाळगता येतात. पण ते असावे लागतात, आणि त्यांची मुदत संपलेली असून चालत नाही.

यांपैकी विम्याचे महत्त्व विशेष आहे. समजा, साताऱ्याच्या एखाद्या गाडीची निपाणीजवळ एखाद्या पादचाऱ्याला धडक बसली. गाडीवाला परका, त्याचे घर दीडशे किलोमीटर दूर. तो निघून गेला, तर त्या गरीब पादचाऱ्याने भरपाई कोणाकडे मागावी? असे होऊ नये म्हणून प्रत्येक गाडीचा, निदान दुसऱ्याला होणाऱ्या इजेपुरता तरी, विमा उतरविलाच पाहिजे, असा कायदा आहे. हा विमा साऱ्या भारतात चालतो. जखमी माणसाला भरपाईसाठी साताऱ्यास खेटे घालावे लागत नाहीत. जेथे अपघात झाला तेथील, किंवा तो स्वतः जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणापुढे त्याला दाद मागता येते. विम्याचा कागद गाडीवाल्याच्या पिशवीत असतो खरा. पण तो वाटेवरच्या अनोळखी माणसाच्या रक्षणासाठी असतो.

आता प्रश्न असा, की साताऱ्याच्या कचेरीने दिलेला परवाना बेळगावच्या पोलिसाने का मानावा? मोटारी आल्या, तेव्हापासून या प्रश्नाचा विचार होत आला आहे. आपल्या देशात मोटारींसंबंधीचा कायदा प्रथम १९१४ साली झाला. १९३९ साली त्याच्या जागी नवा कायदा आला, आणि सध्या चालू आहे तो १९८८ चा मोटारवाहन कायदा. या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, की भारतातील कोणत्याही राज्यात केलेली गाडीची नोंदणी साऱ्या भारतात ग्राह्य धरली जाईल. आणि एका ठिकाणी मिळालेला चालकाचा परवाना साऱ्या देशात चालेल. त्याच्याही मागे आपली राज्यघटना उभी आहे. भारताच्या सर्व प्रदेशांत मुक्तपणे संचार करण्याचा हक्क तिने १९ व्या कलमात प्रत्येक नागरिकाला दिला आहे. याचा अर्थ असा, की एका राज्याने नीट पारखून दिलेल्या कागदावर दुसरे राज्य विश्वास ठेवते. सीमेवर गाडी थांबत नाही, ती या विश्वासामुळे.

या विश्वासाची खूण गाडीच्या पुढे व मागे ठसठशीत लावलेली असते. ती म्हणजे क्रमांकाची पाटी. साताऱ्यात नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर 'एमएच ११' असे असते. 'एमएच' म्हणजे महाराष्ट्र आणि ११ म्हणजे सातारा. सांगलीचा आकडा १०, कोल्हापूरचा ०९, कऱ्हाडचा ५०. कर्नाटकातील गाड्यांवर 'केए' ही अक्षरे असतात. बेळगावचा आकडा २२ आणि चिकोडी-निपाणीकडील गाड्यांचा २३. खाजगी गाडीची पाटी पांढरी असते व तीवरील अक्षरे काळी. भाड्याने चालणाऱ्या गाडीची पाटी पिवळी, तर विजेवर चालणाऱ्या गाडीची हिरवी. पाटी पाहताच गाडी कोणत्या गावची, कोणत्या कामाची, हे जाणत्याला कळते. पाटी हा गाडीचा पत्ता आहे.

तर मग सीमा ओलांडल्याने काहीच बदलत नाही का? पुष्कळ गोष्टी बदलत नाहीत. वाहतुकीच्या खुणा त्याच, डावीकडून गाडी चालविण्याचा नियम तोच, पुढे बसणाऱ्याने पट्टा बांधण्याची सक्तीही तीच. परंतु एक गोष्ट बदलते, ती म्हणजे कर. मोटारींचे नियम साऱ्या देशाला समान असले, तरी मोटारींवर कर बसविण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे. त्या पैशातून राज्ये आपले रस्ते सुधारतात. मावशीकडे चार दिवस राहून परत येणाऱ्याला याची झळ लागत नाही. पण समजा, वडिलांची बदलीच बेळगावास झाली, आणि गाडी कायमची तेथे राहू लागली, तर? तर ती साताऱ्याची पाहुणी राहिली नाही. बेळगावची रहिवासी झाली. कायदा म्हणतो, की बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तेथील नवा क्रमांक घेतला पाहिजे. त्यासाठी मूळ कचेरीचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, नव्या राज्याचा कर भरावा लागतो, आणि जुन्या राज्यात आगाऊ भरलेल्या करापैकी उरलेली रक्कम परत मागता येते.

सैन्यातील जवानांची व केंद्र सरकारच्या नोकरांची वारंवार या राज्यातून त्या राज्यात बदली होते. प्रत्येक वेळी त्यांनी ही यातायात करावी, हे बरे नव्हे. म्हणून २०२१ साली 'बीएच' म्हणजे भारत या अक्षरांची नवी मालिका सुरू झाली. तिच्या पाटीवर कोणत्याही एका राज्याचे नाव नसते, भारताचे असते. अशी गाडी कोठेही गेली, तरी तिला नवा क्रमांक घ्यावा लागत नाही.

माल वाहणाऱ्या ट्रकांची गोष्ट थोडी निराळी होती. पूर्वी राज्याराज्यांच्या सीमांवर करवसुलीचे तपासणी नाके असत. तेथे ट्रकांच्या लांबच लांब रांगा लागत, आणि द्राक्षे, टोमॅटो यांसारखा नाशवंत माल उन्हात ताटकळत पडे. १ जुलै २०१७ पासून साऱ्या देशात वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि असे नाके उठले. तासगावची द्राक्षे घेऊन बंगळूरकडे जाणाऱ्या ट्रकचा मार्ग त्यामुळे सुकर झाला.

राज्याची सीमा आणि देशाची सीमा यांत केवढे अंतर आहे, हेही येथेच समजून घेतले पाहिजे. आपली गाडी घेऊन कोणी नेपाळात गेला, तर तेथील सीमेवर त्याला 'भन्सार' म्हणजे सीमाशुल्काच्या कचेरीत जावे लागते, आणि जितके दिवस गाडी नेपाळात ठेवावयाची, तितक्या दिवसांचे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. म्यानमारमध्ये तर रस्त्याची बाजूही बदलते. कारण तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात. अशी परक्या देशाची सीमा एके काळी महाराष्ट्राच्या अगदी उंबरठ्यावर होती. सावंतवाडीच्या पुढे, बांद्यापलीकडे गोवा लागतो. तेथे १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. खुद्द पोर्तुगालने १९२८ साली उजवीकडून वाहने चालविण्याचा नियम केला. परंतु शेजारच्या मुलखाशी दळणवळण असल्यामुळे गोव्यात मात्र वाहने डावीकडूनच चालत राहिली. राजवट परकी असली, तरी रस्त्याला शेजाऱ्याचा विचार करावाच लागतो! १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि ती देशाची सीमा नाहीशी झाली. आज साताऱ्याचा मोटारवाला बेळगावइतक्याच सहजतेने पणजीस जातो.

सीमा दिसत नाही, म्हणून ती नाहीच, असे मात्र समजू नये. कधी कधी ती अचानक दिसू लागते. २०२० साली करोनाची साथ आली आणि मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी झाली. तेव्हा याच कोगनोळीजवळ रस्त्यावर अडथळे उभे राहिले. २०२१ साली महाराष्ट्रातून येणाऱ्या प्रवाशांना आजार नसल्याचा तपासणी-अहवाल दाखविणे कर्नाटकाने सक्तीचे केले. तो नसलेल्यांना नाक्यावरून मागे फिरावे लागले. साथ रोखणे आवश्यकच होते. परंतु ज्यांचे घर एका राज्यात आणि शेत दुसऱ्या राज्यात, ज्यांची लेक अलीकडे दिलेली आणि माहेर पलीकडे, त्यांना त्या दिवसांत सीमा म्हणजे काय, ते प्रथमच उमगले.

दुसरा प्रसंग माणसांनीच ओढवून घेतला. बेळगाव, निपाणी या भागांत मराठी बोलणारे पुष्कळ लोक आहेत, आणि तो भाग महाराष्ट्रात यावा, असा जुना वाद आहे. त्यासाठी १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. आयोगाचा निर्णय महाराष्ट्राला मान्य झाला नाही, आणि २००४ साली महाराष्ट्राने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. असे प्रश्न न्यायालयात, विचाराने सुटावयाचे असतात. परंतु २०२२ च्या डिसेंबरात हा वाद रस्त्यावर आला. कर्नाटकात महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले. महाराष्ट्रात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. आणि दोन्ही बाजूंच्या बससेवा काही काळ थांबल्या. गाडीतील प्रवाशांचा यात काय अपराध होता? त्यांच्या पाटीवरील दोन अक्षरे तेवढी निराळी होती. जी पाटी विश्वासाची खूण म्हणून लावली, तीच भीतीचे कारण झाली.

यात नुकसान कोणाचे होते, हे मिरजेस गेल्यावर कळते. मिरज हे सांगली जिल्ह्यातील रुग्णसेवेचे जुने केंद्र. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वानलेस यांनी तेथे रुग्णालय उभारले, आणि तेव्हापासून दूरदूरचे रोगी मिरजेची वाट धरू लागले. मिरजेहून म्हैसाळ ओलांडले, की थोड्याच अंतरावर कर्नाटकातील कागवाड लागते, त्यापुढे अथणी. त्या भागातून 'केए' पाटीच्या गाड्या आजही रोज मिरजेच्या रुग्णालयांपुढे येऊन उभ्या राहतात. मध्यरात्री एखादा शेतकरी छातीत कळ येणाऱ्या आपल्या वृद्ध पित्याला मागच्या आसनावर निजवून कागवाडहून निघतो. त्या वेळी त्याच्या दृष्टीने सीमा ही केवळ नकाशातील रेघ नसते. ती मोकळी आहे की अडलेली, यावर एका माणसाचे प्राण अवलंबून असतात. मिरजेचा डॉक्टर नाडी पाहताना रोग्याला गाडीचा क्रमांक विचारीत नाही. रस्त्यानेही तो विचारू नये.

म्हणून सीमा ओलांडणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आपण पाहुणे म्हणून जात आहोत, तेव्हा आपले कागद चोख असावेत, वेग बेताचा असावा, आणि तेथील भाषेचा व माणसांचा मान राखावा. आणि पलीकडची गाडी आपल्या गावी आली, तर ती चुकलेली वाट विचारते की पाणी मागते, एवढेच पाहावे; तिच्या पाटीवरील अक्षरे पाहून तोंड फिरवू नये. कायदा रस्ता मोकळा करून देतो. तो मोकळा ठेवणे मात्र लोकांच्या हाती असते.

निपाणीस मंडळी चहासाठी थांबली. हॉटेलवाल्याने प्रथम कानडीत विचारले, आणि मंडळींच्या तोंडाकडे पाहून लगेच मराठीत विचारले. शेजारच्या बाकावर दोन गृहस्थ बोलत होते. एकाचे वाक्य कानडीत सुरू होऊन मराठीत संपत होते. मुलाला मोठी मौज वाटली. त्याने जाता जाता 'नीरु' म्हणजे पाणी, एवढा एक कानडी शब्द शिकून घेतला.

निपाणीच्या अलीकडे यमगर्णीजवळ वेदगंगा लागून गेलीच होती; आता पुढे संकेश्वराजवळ हिरण्यकेशी, नंतर घटप्रभा अशा नद्या ओलांडीत गाडी धावू लागली. मुलाने वहीत सकाळपासूनच्या नद्या लिहून काढल्या होत्या: कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा. वडिलांनी यादी पाहिली व म्हणाले, "यांतील काहींचा उगम महाराष्ट्रात, काही कर्नाटकातून वाहतात. पण शेवटी त्या साऱ्यांचे पाणी कृष्णेलाच मिळते. आणि कृष्णा निघते कोठे, ठाऊक आहे ना?"

"आपल्या जिल्ह्यात, महाबळेश्वरास!" मुलगा उत्तरला.

तिसऱ्या प्रहरी गाडी बेळगावास पोहोचली. मावशीचे घर शहापूरच्या बाजूस होते. ज्या शहापुरावर एके काळी सांगलीचा अंमल चाले, तेच हे शहापूर. मावशी दारातच उभी होती. तिने गाडीची पाटी पाहिली नाही, धावत येऊन मुलाला जवळ घेतले व विचारले, "वाटेत काही त्रास नाही ना झाला?"

"नाही मावशी," मुलगा म्हणाला, "सीमा लागली, पण ती आम्हांला काही बोलली नाही!"

वडिलांनी कागदांची पिशवी गाडीच्या कप्प्यात पुन्हा नीट ठेवली. परतीच्या प्रवासातही ती लागणार होती.